आकडा वाढवून थर वर येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवर अर्ज भरताना तळाची पट्टी नेमकी ‘पुढे जा’ या बटणावर बसते. मेनू उघडावा, तर त्याचा अर्धा भाग नकाशाखाली जातो. जाहिरात बंद करायची फुली समोर दिसते, पण बोट टेकवलं की भलतंच काही उघडतं, कारण फुलीवर कुठला तरी पारदर्शक पडदा पसरलेला असतो. वाचक हे रोज सोसतात आणि ‘साइट हँग झाली’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात पानावरचे थर चुकीच्या क्रमाने रचले गेलेले असतात, आणि ही चूक काढणं अवघड नाही. आपल्या वाचकांत वेबपानं बांधणारे आहेत, ती कला शिकणारे आहेत आणि पैसे मोजून साइट बनवून घेणारेही आहेत. हे पत्र तिघांसाठी आहे. सीएसएसमधले, म्हणजे पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेतले, शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. फाइलमध्ये ते अर्थातच इंग्रजी लिपीत लिहायचे.

या दुखण्यावर गल्लोगल्ली एकच औषध दिलं जातं: झेड-इंडेक्स, म्हणजे घटक कुठल्या थरावर बसेल हे सांगणारा आकडा, वाढवा. मेनू खाली गेला, ९९९ द्या. तरी वर येईना, ९९९९ द्या. शेवटी कुणी तरी २१४७४८३६४७ लिहितो, कारण ब्राउझर हा आकडा ३२ बिटांत साठवतात आणि त्यापलीकडे जाताच येत नाही. तेवढ्यानेही मेनू वर येत नाही. आमचं म्हणणं एवढंच की आकडा केवढा आहे हे पाहण्याआधी तो कुठल्या गठ्ठ्यातला आहे ते पाहा.

सरकारी कचेरीतली फडक्यात बांधलेली दप्तरं आठवा. टेबलावर दोन दप्तरं एकावर एक ठेवली आहेत. खालच्या दप्तरातल्या फायलीवर कुणी लाल शाईने ९९९९ लिहिलं आणि वरच्या दप्तरातल्या फायलीवर नुसता १, तरी वरून हात घातला तर १ क्रमांकाचीच फाइल आधी लागणार. ‘आपल्या दप्तरात मी सगळ्यांत वर’ एवढाच त्या ९९९९चा अर्थ. दोन दप्तरांत वर कोण, हे दप्तराला बाहेरून लावलेल्या चिठ्ठीवर ठरतं. सीएसएसमध्ये या दप्तराला स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट म्हणतात, आणि दप्तरात दप्तर, त्यात आणखी दप्तर, असं कितीही खोल असू शकतं.

एका दप्तराच्या आत ब्राउझर खालून वर रंगवत जातो. आधी दप्तराच्या मालकाची, म्हणजे ज्या घटकाने दप्तर बांधलं त्याची, पार्श्वभूमी आणि कडा. त्यावर उणे झेड-इंडेक्स असलेले घटक. मग पोझिशन (घटक कसा बसवायचा हे सांगणारा गुणधर्म) न दिलेले साधे चौकोन, त्यावर फ्लोट केलेले, म्हणजे मजकूर बाजूने वाहावा म्हणून कडेला सरकवलेले, घटक, त्यावर ओळीतला मजकूर आणि चित्रं. मग पोझिशन दिलेले पण झेड-इंडेक्स ऑटो किंवा ० असलेले घटक, आणि सर्वांत वर १ किंवा त्याहून मोठा आकडा असलेले. दोघांचा आकडा सारखा असेल तर एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा मजकूर आणि घटक जिथे लिहितात त्या फाइलमध्ये, जो नंतर आला तो वर. झेड-इंडेक्स मे १९९८च्या सीएसएस २ या प्रमाणात आला, तेव्हापासून हा क्रम मुळात तोच आहे. साध्या, म्हणजे पोझिशन: स्टॅटिक असलेल्या घटकाला झेड-इंडेक्स दिला तर तो वाया जातो. फ्लेक्स आणि ग्रिड या मांडणीच्या पद्धती वापरणाऱ्या डब्यांची थेट मुलं, म्हणजे लगेच आतले घटक, मात्र याला अपवाद आहेत. त्यांना पोझिशन न देताही आकडा लागू पडतो.

खरी गोम दप्तराची गाठ कशाने बसते यात आहे. पोझिशन: रिलेटिव्ह किंवा ॲब्सोल्यूट आणि सोबत एखादा आकडा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फिक्स्ड आणि स्टिकी यांना आकडा नसला तरी गाठ बसतेच, हे थोड्यांना ठाऊक असतं. आणि ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, १पेक्षा कमी केली, अगदी ०.९९ केली, तरी गाठ बसते, हे कळेपर्यंत बहुतेकांची संध्याकाळ गेलेली असते. ट्रान्सफॉर्म, फिल्टर, बॅकड्रॉप-फिल्टर, पर्स्पेक्टिव्ह, क्लिप-पाथ, मास्क, मिक्स-ब्लेंड-मोड यांपैकी काहीही दिलं की गाठ. पुढे काय बदलणार हे ब्राउझरला आधी कळवणाऱ्या विल-चेंजमध्ये यांपैकी एखाद्याचं नुसतं नाव लिहिलं तरी गाठ. कंटेन: पेंट किंवा लेआउट, तरीही गाठ. आणि आयसोलेशन: आयसोलेट हा गुणधर्म तर दप्तर बांधण्यासाठीच आहे, त्याचं दुसरं कामच नाही.

ओपॅसिटीचा आणि थरांचा काय संबंध, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि उत्तरादाखल त्यांना यादी पाठ करायला सांगितली जाते. कारण सोपं आहे. एखादा चौकोन अर्धा पारदर्शक करायचा तर ब्राउझर आधी त्याच्या आतला सगळा मजकूर, चित्रं, बटणं मिळून एकच चित्र तयार करतो आणि मग ते अख्खं चित्र फिकं करून पानावर चिकटवतो. एकदा चित्र चिकटलं की बाहेरचा एखादा घटक त्याच्या दोन पानांच्या मधे शिरणार कसा? म्हणून आतलं सगळं एकत्र वर जातं किंवा एकत्र खाली राहतं. फिल्टर आणि मास्कचंही तेच. हे एकदा समजलं की यादी पाठ करावी लागत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. नकाशे दाखवायला लीफलेट ही मुक्त लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जगभर वापरतात. व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी ती लिहिली आणि २०११ साली ती प्रसिद्ध झाली. दवाखाने, शाळा, बसथांबे दाखवणाऱ्या कितीतरी पानांत ती असते. तिच्या आत थर नीट आखलेले आहेत: नकाशाच्या फरशा २००, रेषा आणि आकृत्या ४००, सावल्या ५००, खुणेच्या पिना ६००, टूलटिप ६५०, माहितीचा फुगा ७००. हे सगळं ज्या डब्यात बसतं त्याला ४०० आकडा आहे, म्हणून बाहेरून पाहता नकाशा म्हणजे ४००. पण मोठं-लहान करायची अधिक-उणे बटणं या डब्यात नसतात. ती त्याच्या शेजारी, स्वतःचा १००० आकडा घेऊन बसतात. आणि या दोघांना पोटात घेणाऱ्या सर्वांत बाहेरच्या चौकोनाला लायब्ररीने झेड-इंडेक्स दिलेला नाही. म्हणजे त्याचं दप्तर बांधलेलंच नाही, आणि आतले ४०० आणि १००० हे दोन्ही आकडे थेट आपल्या पानाच्या पातळीवर येऊन उभे राहतात.

आता आपल्या मेनूला १०० दिला असेल तर तो नकाशाखाली जातो. ५०० केला तर नकाशाच्या वर येतो, पण अधिक-उणेची दोन बटणं मेनूला भोक पाडून वर डोकावतात. हा प्रकार कुणी पाहिला असेल तर त्याचं कारण हे. बूटस्ट्रॅप ही तयार सीएसएसची लायब्ररी वापरणाऱ्यांची आणखी गंमत होते. त्याच्या ड्रॉपडाउनचा ठरलेला आकडा १०००, नकाशाच्या बटणांचाही १०००. बरोबरी झाली की नंतर आलेला वर, आणि नकाशा पानात मेनूच्या नंतरच येतो. आता बहुतेक जण मेनूला १००१ देतात. त्याने काम होतं, पण पुढची लायब्ररी आली की पुन्हा लिलाव सुरू. योग्य इलाज एका ओळीचा आहे: नकाशाच्या बाहेरच्या चौकोनाला आयसोलेशन: आयसोलेट द्या. दप्तर बांधलं गेलं, आतले आकडे आत राहिले, आणि पानाच्या पातळीवरच्या मेनूला नुसता १ दिला तरी तो वर येतो. बाहेरून आणलेली कुठलीही वस्तू पानात ठेवताना, मग ती चित्रांची सरकती पट्टी असो, तारीख निवडायची खिडकी असो की आलेख, तिच्याभोवती ही ओळ घालायची सवय लावून घ्यावी. मात्र त्या वस्तूतून उघडणारी खिडकी शेजारच्या मजकुरावर पसरायची असेल तर विचार करून, कारण बंद दप्तरातून ती एकटी वर येऊ शकणार नाही.

दुसरा नेहमीचा अपघात धुक्याच्या काचेसारख्या हेडरचा. हेडरला बॅकड्रॉप-फिल्टर: ब्लर दिला की मागचा मजकूर पुसट दिसतो, छान वाटतं. त्याच हेडरच्या आत मोबाइलचा पूर्ण पडदा व्यापणारा मेनू असतो, पोझिशन: फिक्स्ड, चारही बाजूंना ०. ब्लर देण्याआधी तो पूर्ण पडदा व्यापत होता. ब्लर दिल्यावर तो हेडरच्या ६४ पिक्सेल उंचीत कोंबला जातो. इथे झेड-इंडेक्सचा दोष नाही. फिक्स्ड घटक एरवी पडद्याच्या मापाने बसतो, पण त्याच्या वरच्या एखाद्या पूर्वजाला, म्हणजे त्याला पोटात घेणाऱ्या घटकाला, ट्रान्सफॉर्म, फिल्टर, बॅकड्रॉप-फिल्टर किंवा पर्स्पेक्टिव्ह असेल तर तो पूर्वजच त्याचा पडदा होतो. म्हणजे एकाच ओळीने दोन गोष्टी झाल्या: दप्तर बांधलं आणि फिक्स्डचं मापही बदललं. इलाज दोन आहेत. मेनू हेडरच्या बाहेर, बॉडीचं थेट मूल म्हणून ठेवावा; हे सर्वांत स्वच्छ. ते शक्य नसेल तर ब्लर हेडरला न देता त्याच्या बिफोर या आभासी, म्हणजे फक्त सीएसएसने तयार होणाऱ्या, घटकाला द्यावा. त्या बिफोरला पोझिशन: ॲब्सोल्यूट, इनसेट: ०, झेड-इंडेक्स: -१ द्यायचं, आणि हेडरला स्वतःचा आकडा द्यायचा, म्हणजे तो उणे एकवाला हेडरच्या मागे पळून न जाता हेडरच्या आतच तळाशी राहतो.

उणे आकड्याबद्दल हेच लक्षात ठेवायचं. शीर्षकामागे रंगीत पट्टा काढायला बिफोरला -१ दिला आणि पट्टा गायब झाला, अशी तक्रार असते. तो गायब झालेला नसतो. शीर्षकाने दप्तर बांधलेलं नसल्यामुळे तो वरच्या कुठल्या तरी दप्तराच्या तळाशी जातो, आणि मधल्या एखाद्या विभागाची पांढरी पार्श्वभूमी त्याला झाकते. शीर्षकाला आयसोलेशन द्या, पट्टा परत दिसेल.

स्क्रोल करताना मजकूर खालून सरकत वर येण्याची जी हौस सध्या आहे, तिच्यातही एक खोच आहे. ॲनिमेशन संपताना ट्रान्सफॉर्म: नन केलं, तरीही कार्डावरचा ड्रॉपडाउन पुढच्या कार्डाखाली जातो. कारण ॲनिमेशनला शेवटची अवस्था धरून ठेवणारा फिल-मोड, म्हणजे फॉरवर्ड्स किंवा बोथ, असेल, तर ते संपल्यावरही ब्राउझर त्या घटकाला विल-चेंज दिल्यासारखंच वागवतो. शेवटची अवस्था मूळ अवस्थेसारखीच असेल तर फॉरवर्ड्सची गरज नसते. सुरुवातीची अवस्था आधीपासून धरून ठेवायची असेल तर बॅकवर्ड्स पुरतं.

तक्त्यांकडे येऊ. बाजार समितीचे भाव, परीक्षेचे निकाल, गाड्यांचं वेळापत्रक, सगळं मोबाइलवर तक्त्यातच पाहायचं असतं. वरची ओळ आणि डावा रकाना, दोन्ही जागेवर चिकटून राहावेत म्हणून दोन्हींना पोझिशन: स्टिकी देतात आणि आकडा देत नाहीत. मग खाली सरकताना ‘कांदा’, ‘सोयाबीन’, ‘तूर’ ही डाव्या रकान्यातली नावं वरच्या शीर्षकांवरून चालत जातात. साहजिक आहे: आकडा कुणालाच नाही, सगळे शून्याच्या पातळीवर, आणि डाव्या रकान्यातल्या चौकटी एचटीएमएलमध्ये शीर्षकांच्या नंतर येतात. डाव्या रकान्याला १, वरच्या ओळीतल्या चौकटींना २ आणि दोन्ही जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या चौकटीला ३ द्या. कोपरा विसरला तर आडवं सरकवताना ‘किमान दर’ हे शीर्षक ‘शेतमाल’ या शब्दावर चढतं. चिकटणाऱ्या प्रत्येक चौकटीला अपारदर्शक पार्श्वभूमी द्या, नाहीतर आकडा बरोबर असूनही खालचा मजकूर आरपार दिसेल. बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स असेल तर रेषा चिकटत नाहीत, मजकुराबरोबर निघून जातात, तिथे सेपरेट करून बॉर्डर-स्पेसिंग ० करा. आणि तक्ता आडवा सरकावा म्हणून त्याला ओव्हरफ्लोच्या, म्हणजे न मावणारा भाग आत सरकवता येणाऱ्या, डब्यात घातला असेल, तर वरची ओळ पानाला नव्हे, त्या डब्याला चिकटते. डब्याला कमाल उंची ठरवून द्यावी लागते.

आता आपल्या लिपीचा एक प्रश्न, जो इंग्रजीतल्या पुस्तकांत आपल्या तीव्रतेने येत नाही. बातमीच्या मथळ्यामागे पिवळा पट्टा द्यायचा, मथळा दोन ओळींचा, आणि लाइन-हाइट १.२. ओळीतल्या मजकुराची पार्श्वभूमी लाइन-हाइटच्या मापाने रंगत नाही, ती फॉन्टच्या उंचीने रंगते. देवनागरी फॉन्टमध्ये वर मात्रा-रफारासाठी आणि खाली उकारासाठी जागा राखलेली असल्यामुळे ती उंची जास्त असते. ब्राउझर पहिली ओळ पट्ट्यासकट आणि अक्षरांसकट पूर्ण रंगवतो, आणि मग दुसरी. दुसऱ्या ओळीचा पट्टा पहिल्या ओळीच्या पायावर पडतो आणि तिचे उकार झाकतो. ‘पुण्यात मुसळधार’ असं लिहिलेलं ‘पण्यात मसळधार’ असं वाचावं लागतं. इंग्रजीत जी, वाय या अक्षरांच्या शेपट्या जातात, पण शब्द ओळखू येतो. मराठीत उकार गेला की शब्दच बदलतो.

पहिला इलाज लाइन-हाइट वाढवणं, फॉन्ट पाहून १.६ ते १.८ पर्यंत. तेवढी मोकळी जागा चालणार नसेल तर दोन स्पॅन, म्हणजे ओळीतल्या मजकुराभोवतीचे घटक, एकात एक घाला. बाहेरच्याला पिवळी पार्श्वभूमी, आतल्याला फक्त पोझिशन: रिलेटिव्ह, आकडा नको. वर सांगितलेला क्रम आठवा: ओळीतल्या पार्श्वभूम्या आधी रंगतात, पोझिशन दिलेले घटक त्यानंतर. त्यामुळे दोन्ही ओळींचे पट्टे खाली राहतात आणि दोन्ही ओळींची अक्षरं त्यांच्या वर, उकारासकट. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी हे आवर्जून तपासावं अशी विनंती आहे.

काही तक्रारी थरांच्या वाटतात, पण थरांच्या नसतात. पूर्वजाला ओव्हरफ्लो: हिडन असेल तर ड्रॉपडाउनचा खालचा भाग कापला जातो. तो झाकलेला नसतो, कापलेला असतो, आणि कापलेल्यावर झेड-इंडेक्सचा काहीही परिणाम होत नाही. पाहायची खूण सोपी: मेनू एखाद्या वस्तूच्या कडेशी नाहीसा होत असेल तर थराचा दोष, स्वतःच्याच डब्याच्या कडेशी सरळ रेषेत तुटत असेल तर ओव्हरफ्लोचा. तसंच तळाच्या चिकटपट्टीचं. पट्टी ६० पिक्सेलची असेल तर पानाच्या तळाला निदान तेवढं पॅडिंग आणि आयफोनसारख्या फोनसाठी सेफ-एरिया-इनसेट-बॉटम, म्हणजे फोनने पडद्याच्या तळाशी राखलेली जागा, मिळवायला हवं. पट्टी वर असणं बरोबरच आहे, तिच्याखाली जागा सोडलेली नसणं ही चूक. न दिसणाऱ्या पडद्याची गोष्ट तिसरी. मेनू बंद केल्यावर त्याचा पडदा ओपॅसिटी: ० करून ठेवतात. तो दिसत नाही, पण सगळ्यांत वरच असतो, आणि बोटाचा स्पर्श सगळ्यांत वरच्यालाच मिळतो. बंद अवस्थेत व्हिजिबिलिटी: हिडन द्या. नुसतं पॉइंटर-इव्हेंट्स: नन दिलं तर बोट पार जातं, पण कीबोर्ड वापरणारा न दिसणाऱ्या दुव्यांत अडकतो.

आता एक चांगली बातमी. पूर्ण पानावर येणाऱ्या खिडक्यांसाठी झेड-इंडेक्सची गरज उरलेली नाही. ब्राउझरने टॉप लेअर नावाचा वेगळा थर दिला आहे, सगळ्या दप्तरांच्या वर, टेबलाच्या वर छताला टांगल्यासारखा. डायलॉग हा घटक शो-मोडल या आज्ञेने उघडला की तो तिथे जातो. क्रोममध्ये हे २०१४पासून आहे आणि मार्च २०२२मध्ये फायरफॉक्स आणि सफारीतही आलं. साध्या मेनू-फुग्यांसाठी पॉपओव्हर आहे. तो क्रोममध्ये २०२३च्या मे महिन्यात, सफारीत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४मध्ये आला. पूर्वजाचा ओव्हरफ्लो, ट्रान्सफॉर्म, ओपॅसिटी, कशाचाही इथे जाच नाही.

चुका इथेही होतात. डायलॉगला नुसतं ओपन लिहिलं किंवा शो ही आज्ञा दिली तर तो टॉप लेअरमध्ये जात नाही, साध्या थरातच राहतो, शो-मोडलच हवं. टॉप लेअरमध्ये क्रम उघडण्याच्या वेळेवर ठरतो, शेवटी उघडलेला वर, तिथे झेड-इंडेक्स चालत नाही. म्हणून ‘अर्ज जतन झाला’ सांगणारी छोटी सूचना ९९९९९ देऊनही डायलॉगच्या मागे राहते. तिला पॉपओव्हर: मॅन्युअल करून डायलॉगनंतर उघडा. तिच्यावर बोट टेकवायचं बटण असेल तर ती डायलॉगच्या आतच ठेवा, कारण मोडल उघडा असताना त्याच्या बाहेरचं काहीच स्पर्शाला दाद देत नाही. पॉपओव्हर मुळात पडद्याच्या मधोमध उघडतो, त्याची जागा आपणच सांगायची.

दोष शोधायची रीत अशी. जे वर चढून बसलंय त्यावर उजवी टिचकी मारून इन्स्पेक्ट करा. त्याच जागी कोण कोण एकावर एक आहेत हे पाहायला कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत, डॉक्युमेंटची एलिमेंट्स-फ्रॉम-पॉइंट ही आज्ञा आडवा आणि उभा आकडा देऊन चालवा. ती वरून खाली यादी देते. पॉइंटर-इव्हेंट्स: नन असलेले तिला दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवा. मग भांडणाऱ्या दोघांचे पूर्वज एकेक करत वर चढा, दोघांचा समान पूर्वज सापडेपर्यंत. चढताना प्रत्येक पायरीवर वरच्या यादीतलं काही आहे का ते बघा आणि जिथे गाठ बसलीय ते लिहून ठेवा. समान पूर्वजाच्या लगेच खालच्या, दोन्ही बाजूंच्या सर्वांत बाहेरच्या गाठी, तुलना फक्त त्या दोघांची होते. एका बाजूला गाठच सापडली नाही, तर त्या बाजूने तो घटक स्वतःच्याच आकड्याने उभा आहे असं समजा. आकडा बदलायचा तो त्या जागी. आत कुठे तरी ९९९९ लिहून ठेवलेला असेल तर तो खोडून टाका, नाहीतर पुढच्या माणसाची दिशाभूल होते. गाठ नको असेल तर ती ज्या गुणधर्माने बसली त्यावरची खूण इन्स्पेक्टरमध्ये काढून पाहा. मेनू लगेच वर आला तर गुन्हेगार सापडला.

नव्या कामात पानाच्या पातळीवरचे आकडे एकाच फाइलमध्ये, नावं देऊन ठेवावेत: चिकटणारं हेडर १०, ड्रॉपडाउन २०, बाजूचा मेनू ३०, सूचना ४०. दहादहाच्या अंतराने ठेवले की मधे जागा राहते. बाकी प्रत्येक भागाने आपलं दप्तर बांधून आत १, २, ३ वापरावेत. दप्तरं नीट बांधली असतील तर तीन अंकी आकड्याची वेळ क्वचितच येते, आणि कोडमध्ये चार अंकी आकडा दिसला तर तिथे कुणी तरी कारण न शोधता पुढे गेलंय असं खुशाल समजावं.

साइट बनवून घेणाऱ्या संस्था, शाळा, पतपेढ्या, ग्रामपंचायती यांना एक विनंती आहे. काम ताब्यात घेताना मुखपृष्ठ किती देखणं आहे याबरोबर पाच मिनिटं ही तपासणी करा. नकाशा किंवा सरकती चित्रं असलेल्या पानावर मेनू उघडा. लांबात लांब तक्ता आडवा आणि उभा सरकवा. अर्जाच्या शेवटच्या रकान्यात टाइप करत असताना, कीबोर्ड वर आलेला असताना, ‘सादर करा’ बटणापर्यंत पोहोचता येतं का पाहा. अक्षरं २०० टक्के मोठी करून हेच पुन्हा करा. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब की दाबत पानभर फिरा आणि निवडलेला रकाना चिकटलेल्या हेडरखाली लपतो का पाहा. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या, वेबपानं अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या प्रमाणात, यासाठी वेगळी कसोटीच आहे, क्रमांक २.४.११: कीबोर्डने निवडलेला घटक पूर्ण झाकला जाता कामा नये. हेडर ६४ पिक्सेलचं असेल तर एचटीएमएल या मूळ घटकाला स्क्रोल-पॅडिंग-टॉप ८० पिक्सेल दिलं की बहुतेक ठिकाणी हे सुटतं, आणि पानातल्या पानात उडी मारणारे दुवेही शीर्षक झाकून थांबत नाहीत.

आपल्या दैनिकात संगणक-शिक्षणाला जागा मिळते, ती अशा विषयांनाही मिळावी. तंत्रनिकेतनांत आणि खासगी वर्गांत सीएसएस शिकवणाऱ्या शिक्षकांनी झेड-इंडेक्सच्या तासाला आकड्याऐवजी दप्तरापासून सुरुवात करून पाहावी. फळ्यावर दोन चौकोन काढा, दोघांच्या पोटात एकेक छोटा चौकोन, आणि खालच्याच्या पोटातल्याला ९९९९ द्या. मग खालच्या मोठ्या चौकोनाची ओपॅसिटी ०.९९ करा, वरच्याला झेड-इंडेक्स १ द्या, आणि उत्तर वर्गाला द्यायला सांगा.

आपले,
वेबपानांची बांधणी करणारे काही वाचक, पुणे